भिंत कोणाची?

पोलादपूर मागे टाकून मुंबई-गोवा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे कशेडीचा घाट लागतो. घाट ओलांडला की रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी जिल्ह्यातला खेड तालुका सुरू होतो. या रस्त्याने आमचे जाणे-येणे फार वर्षांचे आहे. घाटाच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याला लागून जी घरे आहेत त्यांच्या भिंती आपण सर्वांनी पाहिल्याच असतील. एकीवर सिमेंट, दुसरीवर रंग, तिसरीवर मोबाईल कंपनी. घराचा दर्शनी भाग पिवळा नाही तर निळा, आणि त्यावर हात-दोन हात उंचीची अक्षरे. एकदा चहाला थांबलो असता अशाच एका घरधन्याला आम्ही विचारले, "ही भिंत कोणाची हो?" प्रश्न त्याला वेडगळ वाटला असावा. तो म्हणाला, "भिंत माझी, अक्षरं त्यांची. पावसाच्या आधी रंग फुकट मिळतो, वर चार पैसे देतात. नको झालं की चुना मारतो."

या तीन वाक्यांत एक संपूर्ण करार आहे. भिंतीचा मालक ठाऊक आहे, मोबदला ठाऊक आहे, आणि करार मोडण्याचे साधन, म्हणजे चुन्याची बादली, मालकाच्या हाती आहे. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली, आणि घाटातून जाणारे पुष्कळ डोळे डोंगराच्या पोटातून जाऊ लागले. जाहिरात नेहमी डोळ्यांच्या मागे जाते. आज आपले डोळे रस्त्यापेक्षा अधिक वेळ संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यावर असतात, म्हणून ती तेथे आली यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. पडद्यावर ती आली तेव्हा घरधन्याला कोणी विचारले नाही, रंगाचे पैसे कोणी दिले नाहीत, आणि चुन्याची बादलीही त्याच्या हातून हळूच काढून घेतली. हे कसकसे घडले त्याचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करू. संगणकाच्या पेटीत जे यंत्र असते ते आपणहून काहीच जाणत नाही. त्याला चालविणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. संगणक सुरू केला की ती सर्वांच्या आधी जागी होते आणि सर्वांच्या शेवटी निजते. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्र काढणे यांसाठी जी निरनिराळी सॉफ्टवेअरे असतात ती सर्व तिच्या आश्रयाने राहतात. घराच्या भाषेत सांगावयाचे तर ती जोते, भिंती व छप्पर होय, बाकीचे सामान.

आता आमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाला या कथेत जे सर्वांत मौजेचे वाटते ते असे की, वर्गणीची ही पद्धत नवी नाहीच. जी जुनी व्यवस्था एकदा मोडून काढली होती तिचे हे पुनरागमन आहे. गणकयंत्रांच्या आरंभकाळी अमेरिकेतील आय. बी. एम. ही कंपनी आपली यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे. पंचकार्डांच्या काळापासून ती रीत होती. ग्राहकाने महिन्याचे महिन्याला भाडे भरावे, कंपनीने यंत्र सांभाळावे. १९५६ साली अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी खटल्यात त्या कंपनीबरोबर जी तडजोड केली तीत एक अट अशी होती की, यंत्रे भाड्याबरोबर विकतही दिली पाहिजेत. मालकीचा हक्क ग्राहकाला त्या दिवशी कायद्याने मिळाला. सॉफ्टवेअरचे मात्र तेव्हा कोणी निराळे पैसे घेत नसे. घोड्याबरोबर लगाम यावा तसे ते यंत्राबरोबर येई. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' हे यंत्र १९६० च्या सुमारास स्वतः बांधून चालू केले, तेव्हा त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या तेथील संशोधक स्वतःच लिहीत. १९६९ च्या जून महिन्यात आय. बी. एम. ने जाहीर केले की, यापुढे यंत्राची किंमत निराळी आणि सॉफ्टवेअरची निराळी. लगाम घोड्यापासून वेगळा झाला आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू बनली.

त्यानंतर सात वर्षांनी, १९७६ च्या फेब्रुवारीत, बिल गेट्स या विशीतल्या तरुणाने हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. तक्रार अशी की, आम्ही मेहनतीने लिहिलेली आज्ञावली तुम्ही एकमेकांना फुकट नकलून देता. यंत्राचे पैसे देता, आमचे का देत नाही? पत्र कडक होते आणि पुष्कळांना झोंबले. पण प्रश्न रास्त होता असे आमचे मत आहे. ज्याने काम केले त्याला दाम मिळाला पाहिजे, हे ज्यांनी नाकारले त्यांची बाजू आम्हाला कधीच पटली नाही. आणि येथे आपणही साव नव्हतो, हे याच व्यासपीठावरून कबूल केलेले बरे. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी संगणक आले ते बहुतेक जोडून आणलेले, आणि त्यांत घातलेली विंडोज नकललेल्या चकतीवरची. विकत घेतलेली असली तरी तिची पावती कोणी पाहिली नव्हती. फुकट मिळालेल्या वस्तूच्या अटी कोणी वाचत नाही, आणि त्या न वाचण्याची सवय आपल्याला तेव्हा लागली.

त्या काळातील एक लहानसे उदाहरण मनात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. १९९० साली आलेल्या 'विंडोज ३.०' मध्ये पत्त्यांचा एक एकट्याने खेळावयाचा डाव होता, सॉलिटेअर नावाचा. वेस चेरी या उमेदवारीवर असलेल्या मुलाने तो लिहिला होता आणि त्याबद्दल त्याला मानधन असे काही मिळाले नाही. कचेऱ्यांतून, बँकांतून, सायबर कॅफेंतून कितीतरी हातांनी माऊस धरावयाचे पहिले शिक्षण त्या डावावर घेतले. डाव विंडोजबरोबर येई, त्यावर कोणाची जाहिरात नसे, आणि इंटरनेट नसले तरी तो चालत असे.

मराठी छपाईच्या बाजूने पाहिले तर हा मालकीचा काळ आणखी स्पष्ट दिसतो. पुण्याला १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि तिच्या 'जिस्ट' विभागाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' छापखान्यांतून पसरले. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, शाळेची स्मरणिका, सगळे काही पेजमेकर आणि असे एखादे मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर यांवर उभे राही. त्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या मागे खोचावयाचे एक बोटभर कुलूप येई. छापखान्यात त्याला 'लॉक' किंवा 'डोंगल' म्हणत. ते हरवले तर मालकाचा जीव टांगणीला लागे, ही गोष्ट खरी. परंतु ते खिशात होते तोवर सॉफ्टवेअर आपले होते. एकदा पैसे दिले की दहा वर्षे काम करा. पुण्याहून पुन्हा कोणी मागावयास येत नसे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्याकडची छपाई तिच्यावर चालली, ती याच मालकीच्या जोरावर.

आपल्याकडच्या लहान गावांत सॉफ्टवेअरची वर्षासन पद्धत प्रथम आली ती निराळ्याच दारातून, आणि ते दारही पुण्याचेच. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर व रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकले. आणि १९९० नंतरच्या दशकात दोघांनी मिळून 'क्विक हील' हे विषाणुविरोधी सॉफ्टवेअर बाजारात आणले. पुढे २०१६ साली ती कंपनी शेअरबाजारात दाखल झाली. अशा सॉफ्टवेअरची मुदत वर्षाची. वर्ष सरले की नूतनीकरण करावयाचे. आमच्या मते ही वर्गणी न्याय्य होय. संगणकाचे विषाणू रोज नवे निघतात, त्यांवरचे औषध रोज नवे करावे लागते, आणि रोजच्या कामाला वर्षाचा मोबदला मागण्यात अन्याय काय आहे?

आपल्या जुन्या गावगाड्यात हीच रीत होती. सुताराने वर्षभर नांगर, कुळव, गाडा सांभाळावा आणि खळ्यावर आपले बलुते घ्यावे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात ही सर्व व्यवस्था वर्णन केली आहे. ती व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तिने माणसे जातीच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवली, आणि महार वतनाचे जोखड तर १९५८ च्या कायद्यापर्यंत मोडले नाही. महाडच्या मातीत उभे राहून बलुत्याची नुसती गोडवी गाणे शोभणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बलुते थकले म्हणून सुतार रुसला असेल, नांगर दुरुस्त करावयास आला नसेल. शेतात चाललेला नांगर दुरून कुलूप लावून थांबविण्याची किल्ली त्याच्याजवळ नव्हती. ती किल्ली आताच्या बलुतेदाराजवळ आहे.

येथे 'वर्गणी' या आपल्या शब्दाकडेही जरा पाहिले पाहिजे. इंग्रजी जाहिरातींतला 'सबस्क्रिप्शन' हा शब्द आपण वर्गणी म्हणून उतरवून घेतो. पण मराठीत वर्गणी देणारा केवळ गिऱ्हाईक नसतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. अशा वाचनालयांचा वर्गणीदार वार्षिक सभेत उठून हिशेब विचारू शकतो, कार्यकारिणी बदलू शकतो. गणपतीची वर्गणी देणाराही मांडवात येऊन दोन शब्द सुनावतो. वर्गणीत वाटा आहे, आवाज आहे. सॉफ्टवेअरच्या कंपनीला आपण दरमहा जे देतो त्यात आवाज नाही. मराठीत त्याला भाडे म्हणतात, आणि आम्ही यापुढे तसेच म्हणणार आहोत.

वृत्तपत्रांचा इतिहास या बाबतीत आपल्याला पुष्कळ शिकवितो. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४० पर्यंत चालले. तेव्हापासून मराठी पत्रे वर्गणी आणि जाहिरात या दोन चाकांवर चालत आली. जाहिरातीचे उत्पन्न वाढले की वाचकाला पत्र स्वस्त पडते, हा त्यातला सरळ व्यवहार. पण पानाचा धनी कोण, हा प्रश्न तेथेही होताच, आणि आपल्या भागाला तो विशेष जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' काढले तेव्हा त्याची जाहिरात, तीही पैसे देऊन, छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पुढे १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली, चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, आणि त्यानंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. ते पत्र बाबासाहेबांनी जवळजवळ एकट्याने लिहिले. वर्गणीदार पुरेसे न मिळाल्यामुळे ते ओढगस्तीत चालले आणि १९२९ च्या नोव्हेंबरात बंद पडले. ज्याच्या हाती पान असते तो पैसे घेऊनही नाही म्हणू शकतो. आणि ज्याला कोणाचे मिंधे व्हावयाचे नाही त्याला वर्गणीदारांवाचून गती नाही. या दोन्ही गोष्टी महाडच्या माणसाला पुस्तकातून शिकावयास नकोत. आम्ही त्या येथे काढल्या त्याचे कारण एवढेच की, वृत्तपत्राचे पान संपादकाचे असते हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. संगणकाचा पडदा आपला, ही आपली समजूत होती.

पडद्यावर जाहिरात प्रथम आली ती अगदी उजळ माथ्याने. नॉर्वे देशातील 'ऑपेरा' या ब्राउझरने २००० सालच्या अखेरीस असा सौदा मांडला की, ३९ डॉलर द्यावेत किंवा वरच्या कडेला जाहिरातीची एक पट्टी सोसावी. पैसे दिले की पट्टी नाहीशी. २००५ साली कंपनीने पट्टी आणि किंमत दोन्ही काढून टाकली. कशेडीच्या घरधन्याचा सौदा तो हाच. त्याबद्दल आम्हाला कुरकुर करता येणार नाही. स्वस्त फोनांचेही पुष्कळसे असेच आहे. शाओमी या चिनी कंपनीने २०१८ साली जाहीर केले की, यंत्रांवरचा निव्वळ नफा शेकडा पाचाच्या वर जाऊ द्यावयाचा नाही. मग कमाई कोठून? सेवांतून आणि जाहिरातींतून. फोन स्वस्त का पडला हे गिऱ्हाइकाला दुकानात कोणी समजावून सांगत नाही, हा दोष आहेच. तरी स्वस्ताई तर हातात पडते. कोणी म्हणेल, एस. टी. च्या गाडीवरही जाहिरात असते आणि तिकीटही काढावेच लागते. मान्य आहे. पण गाडी एस. टी. ची आहे, आपण उतारू आहोत. जो संगणक आपण विकत घेतला, ज्यातल्या विंडोजची किंमत दुकानदाराने बिलात धरली, त्यात आपण उतारू केव्हा झालो?

याचे उत्तर तारखांनी देता येते. २०१२ साली 'विंडोज ८' आली आणि तीतून तो पत्त्यांचा डाव काढून घेण्यात आला; हवा असेल त्याने तो कंपनीच्या दुकानातून उतरवून घ्यावा. २०१५ साली 'विंडोज १०' मध्ये डाव परत आला, पण आता दोन डावांच्या मध्ये चलच्चित्राची जाहिरात आली. ती नको असेल तर तेव्हा महिन्याला दीड डॉलरच्या आसपास, नाही तर वर्षाला १० डॉलर पडत. पंचवीस वर्षे जो डाव घरच्या कट्ट्यावर बसून खेळलो त्या कट्ट्याचे भाडे सुरू झाले. रक्कम क्षुल्लक आहे, आणि पत्त्यांवाचून कोणाचे अडत नाही. आम्ही हे उदाहरण घेतो ते त्यात सगळा पालट एका मुठीत मावतो म्हणून.

'विंडोज १०' जुन्या विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना २९ जुलै २०१५ पासून एक वर्ष फुकट देण्यात आली. फुकट म्हटल्यावर आपण धावलोच. त्यानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत संगणक उघडण्यापूर्वी दिसणाऱ्या कुलपाच्या पडद्यावर एका नव्या खेळाची जाहिरात झळकली. २०१७ साली फायली ज्या खिडकीत पाहावयाच्या तिच्या माथ्यावर कंपनीच्या साठवणुकीच्या सेवेची, म्हणजे वनड्राइव्हची, शिफारस दिसू लागली. २०२४ च्या एप्रिलमध्ये 'विंडोज ११' च्या स्टार्ट मेनूत 'शिफारस' या सदराखाली दुकानातली अॅप्स मांडली गेली. शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. जाहिरात हा शब्द कोठेही नाही. 'सूचना' आहे, 'शिफारस' आहे, 'युक्त्या' आहेत. भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगविणारा पेंटर ती घरधन्याला आलेली शिफारस आहे असे कधी म्हणाला नाही.

सॉफ्टवेअरच्या बाजूने भाड्याची वाट अधिक उघडपणे मोकळी झाली. छपाई व चित्रांचे सॉफ्टवेअर करणाऱ्या अॅडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की, २०१२ ची सहावी आवृत्ती ही कायमची विकत मिळणारी शेवटची. पुढे सर्व मासिक किंवा वार्षिक भाड्याने. भाडे थांबले की सॉफ्टवेअर उघडत नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ साली 'ऑफिस ३६५' सुरू केले. त्याची मुदत संपली तर आपली पत्रे वाचता येतात, छापता येतात. बदलता येत नाहीत, नवे लिहिता येत नाही. ज्या संस्थेचे पन्नास वर्षांचे इतिवृत्त आता संगणकात आहे तिच्या चिटणिसाने हे वाक्य दोनदा ऐकावे. जुन्या वृत्तपत्राची वर्गणी थांबली तर उद्याचा अंक येत नसे. घरात बांधून ठेवलेल्या मागच्या अंकांवर कोणी शाई ओतावयास येत नसे. या भाड्याचा दरही आपल्याला विचारून ठरत नाही. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवेत कृत्रिम बुद्धिमत्तेची भर घातली आणि किंमत वाढविली. ही भर नको असणाऱ्यांसाठी जुन्याच दराचा पर्याय असूनही तो ग्राहकांना नीट सांगितला नाही, असा आरोप करून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात दावा लावला.

त्याच ऑक्टोबरची १४ तारीख आपल्या शाळांच्या, पतपेढ्यांच्या आणि दुकानांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होती. त्या दिवशी 'विंडोज १०' ची नेहमीची देखभाल संपली. 'विंडोज ११' वर जावे तर तीसाठी सुरक्षेची एक विशिष्ट चिप संगणकात लागते, आणि धडधाकट चालणाऱ्या कितीतरी जुन्या यंत्रांत ती नाही. घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्षाची देखभाल हवी असल्यास तीन मार्ग ठेवण्यात आले. ३० डॉलर द्यावेत; किंवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या कोठारात नोंदवून ठेवावी; किंवा कंपनीच्या सेवा वापरून मिळणारे एक हजार गुण भरावेत. युरोपातील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविल्यावर तेथील देशांत ही देखभाल विनामूल्य देण्याचे कंपनीने मान्य केले. आम्हाला तो तिऱ्हाईक तपशील वाटत नाही. घराचे छप्पर गळू नये यासाठी घरधन्याने पैसे द्यावेत, नाही तर किल्लीची एक जोड सावकाराकडे ठेवावी, नाही तर सावकाराच्या दुकानी फेऱ्या घालाव्यात, असा हा अर्थ झाला. यात देखभाल करणाऱ्याच्या श्रमांचा मोबदला कोठे संपतो आणि वेसण कोठे सुरू होते हे ज्याने त्याने पाहावे. क्विक हीलच्या वर्षासनाला आम्ही न्याय्य म्हटले, मग यालाच का नाही, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, औषध विकणारा निराळा आणि घर बांधून देणारा निराळा. औषध बदलता येते. दुसऱ्या पेठेत दुसरे मिळते. स्वतः बांधून विकलेल्या घराच्या भिंतीतली चीर बुजविणे हे विक्रीच्या शब्दातच येते, निदान घर उभे आहे तोवर.

दुसरे घर नाहीच असे मात्र नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'ची सुरुवात केली. या दोहोंच्या मिळणीतून जी प्रणाली झाली ती कोणीही घ्यावी, पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. केरळच्या सरकारी शाळांनी २००० नंतरच्या दशकात विंडोज सोडून ती स्वीकारली आणि तेथील मुले मल्याळम भाषेतून तिच्यावर शिकतात. आपल्या राज्यात शाळांच्या बाबतीत असे धोरण का झाले नाही, हा प्रश्न आम्ही येथे सोडून देतो. त्याला निराळे व्याख्यान लागेल आणि आमचा रक्तदाब बरा नाही. या मोकळ्या घरातही जाहिरात शिरू पाहते, हे सांगितले पाहिजे. २०१२ साली 'उबंटू' या लिनक्सच्या प्रसिद्ध वाणात घरातली फाइल शोधू लागले की अॅमेझॉनच्या दुकानातला माल दिसू लागला. स्टॉलमन यांनी त्यावर उघड टीका केली, वापरणारे खवळले, ज्यांना जमले त्यांनी तो भाग काढून टाकला, आणि २०१६ च्या आवृत्तीपासून ती सोय आपणहून चालू होईनाशी झाली. जाहिरात तेथेही आली. चुन्याची बादली तेथे घरधन्याजवळ होती.

आपल्या सरकारने याबाबत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसविणाऱ्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत सोडता न येणाऱ्या वर्गणीचा सापळा आहे, वेषांतर केलेली जाहिरात आहे, 'नको' म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा टोचत राहणे आहे, आणि सॉफ्टवेअरचे भाडे गुपचूप वसूल करणेही आहे. तेरांची यादी वाचताना आम्हाला ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटले. हेच व्याख्यान संगणकावर उतरवीत असताना उजव्या कोपऱ्यातून एक चौकट तीनदा वर आली, आणि तीत दोनच उत्तरे होती: 'आता' आणि 'नंतर'. 'नको' हे उत्तरच नव्हते. मराठीत नकार देण्याचे पन्नास प्रकार आहेत. त्या चौकटीला त्यांतला एकही येत नव्हता.

तरी पण पुष्कळशा 'शिफारशी' बंद करण्याची बटणे अजून शिल्लक आहेत. ती एका ठिकाणी नसून पाच-सहा पानांवर विखुरलेली आहेत, स्टार्ट मेनूचे एकीकडे, कुलपाच्या पडद्याचे दुसरीकडे, फायलींच्या खिडकीचे तिसरीकडे, आणि मोठ्या सुधारणेनंतर ती पुन्हा एकदा तपासून घ्यावी लागतात. वहीत उतरून घेण्याजोगी ती गोष्ट नाही, पाहूनच कळते. म्हणून आम्ही आपला जुना संगणक बरोबर आणला आहे. ज्यांना थांबता येईल त्यांनी आभारप्रदर्शनानंतर टेबलापाशी यावे. अध्यक्षमहाराजांची परवानगी आम्ही आधीच घेऊन ठेवली आहे, आणि सभागृहाच्या शिपायाने दिवे अर्धा तास ठेवण्याचे कबूल केले आहे.